वाट चुकलेल्यांचे फोन

सुधाकर,

कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं ठरेल. शेवटची दीड-दोन वर्षं तुझा फोन वाजायचा थांबला होता. आधी तुला वाटलं, लोक आता चुकत नाहीत. मग वाटलं, लोक आपल्याला विसरले. दोन्ही खरं नव्हतं. तुझे फोन मी थांबवले होते. तुझ्या फोनला हात न लावता, आपल्या सर्व्हरवर बसून, मोजक्या ओळी लिहून.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या गावी, सौंदडच्या घरासमोर मंडप होता. वंदना वहिनींनी मला पुढे बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच बोला. तुमच्याइतकं त्यांच्याजवळ कोनी नव्हतं." मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, हेमराजला दुःखानं बोलवत नाही. कारण वेगळं होतं. मी बसल्यावर तुझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, जवळ सरकून हळूच विचारलं, "सुधाकर करत का होता जी? दुकानात बसे, एवढंच माहीत हाय." मी सांगितलं, कोणी संगणकावर एखाद्या कॉलेजचं नाव टाकतो, तेव्हा कुठंतरी एक मशीन ती हाक ऐकतं आणि पान पाठवतं. हाक ऐकणारं ते सॉफ्टवेअर बसवायचं, त्याला काय कुठं ठेवलंय ते समजावून द्यायचं, ते बंद पडू द्यायचं नाही, हे त्याचं काम. अक्कानं विचार केला. "म्हंजे दारावर बसे." मी म्हटलं, "हाव, दारावर बसायचा."

तुझ्याबद्दल याहून नेमकं कोणी बोललं नाही त्या दिवशी.

तुझे शाळेचे मित्र एक पुस्तिका काढताहेत. त्यासाठी वहिनींनी माझ्याकडून दोन पानं मागितली. ती ही.

आपण गोंदियात इंटरनेट कॅफे टाकला ते नव्याण्णव साल. खाली तांदळाच्या व्यापाऱ्याचं गोदाम, वर आपल्या चार मशिनी. गोदामातला कोंडा वर चढायचा आणि मशिनींच्या पंख्यांत जाऊन बसायचा. तू शनिवारी सायकलचा पंप आणून सगळ्यांची पोटं फुंकून काढायचास. उंदरांनी तारा कुरतडल्या तर तू विजेच्या पाइपात तार घातलीस आणि दोन्ही तोंडांना तिखट लावलंस. आठवडाभर आपण दोघंच शिंकत होतो, उंदीर मजेत होते.

फोनची लाइन मात्र कोणाचंच ऐकत नसे. गिऱ्हाईक पैसे देऊन बसायचं आणि पान अर्ध्यात लटकायचं. मी हात टेकले होते. तू नागपूरहून कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी आणलीस आणि सगळ्यात जुन्या मशीनवर अपाची हे पानं पाठवणारं सॉफ्टवेअर बसवायला घेतलंस. मे महिना होता. मशीनचं झाकण काढून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला होता आणि आपण दोघं घामानं निथळत होतो. शेवटी पडद्यावर ते ठरलेलं पान उमटलं, 'इट वर्क्ड'. मी टाळी वाजवली. तू म्हणालास, "एवढी मेहनत आपन केली, आन शाबासकी इंग्रजीत देऊन रायला."

तेव्हापासून सकाळी लाइन धड असायची तेवढ्यात तू निकाल, गाड्यांच्या वेळा, भरतीच्या जाहिराती उतरवून त्या मशीनवर ठेवायचास. मग दिवसभर लाइन मेली तरी आपली चारही मशिनी चालू. शेजारचा कॅफेवाला येऊन विचारायचा, "भाऊ, आपका चालू है क्या? हमारा तो सुबह से बंद है." तू गंभीर चेहरा करून म्हणायचास, "सेठ, हमारा तो कभी चालू हुआ ही नहीं. अपने को पता ही नहीं चलता."

मी तुझ्याकडून शिकलो, हे मी कधी तोंडानं कबूल केलं नाही. सर्व्हरनं कसं वागायचं ते लिहिलेली कॉन्फिग फाइल उघडायच्या आधी तिची प्रत काढायची. बदल केला की आधी मशीनला तपासायला लावायचं, मगच चालू करायचं. मशीन 'सिंटॅक्स ओके' म्हणालं की मी खूश व्हायचो. तू म्हणायचास, "ओके म्हंजे व्याकरण बरोबर. तू जे बोलून रायला ते बरोबर हाय का, ते त्याले का समजते?"

पुढे आपण कॅफे बंद केला, पण दुकान त्याच जागेत ठेवलं. मुंबईच्या एका कंपनीकडे भाड्यानं सर्व्हर घेतला आणि जिल्ह्यातल्या शाळा, कॉलेजं, राइस मिलवाले, एक नाटक कंपनी यांच्या साइटी त्याच्यावर ठेवू लागलो. तिरोड्याच्या एका संस्थेची साइट लावत होतो तेव्हाची गोष्ट. एका फोल्डरला कुलूप राहिलं होतं आणि पडद्यावर 'फॉरबिडन' असं आलं. खाली वाक्य, तुम्हाला इथं येण्याची परवानगी नाही. माझ्यासाठी ती रोजची चूक होती, एक आकडा बदलला की सुटणारी. तू खुर्ची मागे सरकवलीस.

"हे असंच दिसते का लोकायले?"

"हो. सगळ्या जगात असंच दिसतं."

"माह्या बापानं हे वाक्य लय आयकलं," तू म्हणालास. "मंदिरापाशी आयकलं, विहिरीपाशी आयकलं. माह्या मशीनवर हे दिसनार नाही."

मी तो आकडा बदलला. माझ्या घरीही तू यायचास तेव्हा आई तुझ्याशी ओसरीवरच बोलायची आणि चहा स्टीलच्या वेगळ्या पेल्यात यायचा. तू तो पिऊन, स्वतः विसळून उपडा ठेवायचास. त्यावर आपण एवढ्या वर्षांत एकदाही बोललो नाही. मी काढायला हवा होता तो विषय. तू माझी वाट पाहिली असशील.

त्याच दिवशी तू ते पान लिहिलंस. चुकीचा पत्ता टाकला, हलवलेलं पान शोधलं, कुलूप असलेल्या जागी गेलं, काहीही झालं तरी माणसाला तेच दिसायचं. मोठ्या अक्षरात: 'तुम्ही पाहून राहिले ते पान इथं सापडलं नाही. तुमची चूक नाही, आमचीच असंल. का पायजे होतं, ते फोन करून सांगा. सुधाकर, गोंदिया.' आणि खाली तुझा मोबाइल नंबर.

मी म्हटलं, "वेडा आहेस का? दिवसभर फोन येतील."

"मंग त्यासाठीच तर लिवला."

आणि आले ना! आमगावकडची एक बाई, पोरीचं नर्सिंगच्या यादीत नाव पाहत होती. "भाऊ, माह्या पोरीचं नाव दिसून नाही रायलं." तू यादी उघडलीस आणि नावं वाचत गेलास. ती मधेच, "थांबा थांबा, काय म्हनलं? परत म्हना." तू परत म्हणालास. पलीकडून नुसता आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा ते कळेना. तू फोन कानापासून दूर धरून मला ऐकवलास. एक मिलवाला हिंदीत शिव्या देतच सुरू व्हायचा, "कैसी साइट है तुम्हारी, घंटे से भाव ढूँढ रहा हूँ!" तू त्याला, "सेठ, ग़लती हमारी है, बोलिए," असं म्हणून एवढा नरम करायचास की शेवटी तो घरी जेवायला बोलवायचा. गेलासही एकदा.

सुरतेला मिस्त्रीकाम करणारा एक माणूस नाटक कंपनीच्या साइटवर आपल्या गावच्या मंडईची तारीख शोधत होता. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा, त्या रात्री नाटक, त्या हिशेबानं त्याला सुट्टी आणि गाडी दोन्ही पाहायचं होतं. कंपनीनं ते पानच ठेवलं नव्हतं. तू गावात फोन करून तारीख काढलीस, त्याला कळवलीस. पुन्हा दोन-तीन जणांनी तेच विचारलं, तर तू मंडयांच्या तारखांचं एक पानच बनवलंस. दर वर्षी दिवाळीच्या आधी तुला गावागावांतून तारखा यायच्या. ते आपल्या सर्व्हरवरचं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं पान होतं आणि ते कोणत्याच गिऱ्हाइकाचं नव्हतं.

तुझी रीतच तशी होती. फोन आला, की त्या माणसाचं काम करायचं, आणि मग दुसरा कोणी तिथंच अडखळू नये म्हणून सर्व्हरला एक ओळ शिकवायची, असा पत्ता कोणी टाकला तर त्याला तिकडे ने. इंग्रजीत तिरोडा कोणी ड लावून लिहितो, कोणी र लावून, तुझ्या मशीनला दोघंही पोचायचे. सकाळी चहासोबत तू सर्व्हरचा लॉग वाचायचास, कोण आला, काय मागितलं, काय मिळालं नाही. मी पेपर वाचायचो. तू म्हणायचास, "तुह्या पेपरात पुढारी दिसते. इथं मानसं दिसते."

मग एका मोठ्या संस्थेचं काम मिळालं. आपल्याला मिळालेलं सगळ्यात मोठं. साइट दाखवायला मी एकटाच गेलो, कारण तुझे डोळे तेव्हा साखरेनं बिघडायला लागले होते आणि तू लेझरसाठी नागपूरला होतास. बैठकीत त्यांच्या नव्या व्यवस्थापकानं मुद्दाम चुकीचा पत्ता टाकला आणि तुझं पान मोठ्या पडद्यावर उघडलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. "का पायजे होतं!" सगळे हसले. "कौन है भाई ये सुधाकर?" कोणीतरी म्हणालं. मीही हसलो, सुधाकर. 'आमचा पार्टनर आहे, त्यानंच हे सगळं उभं केलं,' एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "जुनं पान आहे, काढायचं राहून गेलं."

दुकानात आपलं भांडण झालं ते तुला आठवत असेल.

"त्यांच्यापुरतं तरी साधं पान लावू," मी म्हटलं.

"काऊन?"

"हसतात लोक."

"हासला म्हंजे वाचलं ना बे त्यानं. कोनतं पान एवढं वाचते कोनी?"

"सुधाकर, धंद्याची एक पद्धत असते. जगात कोणी आपला नंबर देत नाही."

"पंगतीत वाढनारा 'नाही' म्हनते का? 'थांबा, आनतो' म्हनते. आपली पद्धत ते हाय."

"आपण वाढपी नाही."

"तू नसशील. तुह्या घरी वाढाले दुसरे हायत."

हे तू पहिल्यांदा आणि शेवटचं बोललास. मग स्वतःच चहा सांगितलास आणि म्हणालास, "जाऊ दे, उद्या बोलू." उद्या काय, कधीच बोललो नाही.

मी काय केलं ते आता नीट सांगतो. तू रोज सकाळी मुद्दाम एक चुकीचा पत्ता टाकून आपलं पान येतं की नाही ते पाहायचास. देवाला नमस्कार करावा तसं. म्हणून नुसतं पान बदलून भागणार नव्हतं. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, सर्व्हरला तो दिसतो. मी सर्व्हरला शिकवलं: आपल्या दुकानाच्या पत्त्यावरून कोणी आलं तर जुनं पान दाखव, बाकी सगळ्या जगाला इंग्रजी. 'पेज नॉट फाउंड'. 'फॉरबिडन'. एका संस्थेपुरतं नाही, सगळ्याच साइटींवर. वेगळं वेगळं करण्याचाही कंटाळा केला मी. आधी प्रत काढली. तपासायला लावलं. मशीन म्हणालं, सिंटॅक्स ओके.

लॉग तुला वाचता येईनासा झाला होता, तो मी वाचून दाखवायचो. त्यात चुकलेल्यांच्या ओळी आल्या की मी त्या गाळायचो.

फोन कमी होत गेले. एक दिवस तू म्हणालास, "फोन येऊन नाही रायले बे."

"साइटी सुधारल्या," मी म्हणालो. "कोणी चुकत नाही आता."

तू एवढा खूश झालास, की खाली जाऊन समोसे घेऊन आलास. गोदामातल्या हमालांनाही दिलेस. "आमच्या मशीनवर कोनी चुकत नाही," असं त्यांना सांगत होतास. मी तो समोसा खाल्ला.

मग मूत्रपिंडं गेली, डायलिसिस सुरू झालं. तुझं दुकानात येणं सुटलं आणि तू गोंदियाजवळच्या तुझ्या फुलचूरच्या घरीच राहायला लागलास. मी तुझ्या घरी चांगली लाइन टाकून दिली, तुझा पलंग होता त्या खोलीत. वहिनी सगळ्यांना सांगायच्या, भाऊजींनी यांच्यासाठी किती केलं. मंडपातही कोणीतरी ते सांगितलं. त्या लाइनसाठी मी पक्का पत्ता मागून घेतला होता, रोज बदलणारा नाही. का, ते आता तुला कळलं असेल. तो पत्ताही मला त्या ओळीत घालायचा होता. तू घरून पाहिलंस तरी तुला तुझंच पान दिसावं म्हणून. तुझा मोबाइल साधा बटनांचा, त्यावर काही दिसायचा प्रश्न नव्हता.

मोबाइल तू उशीजवळ ठेवायचास. एका दुपारी मी बसलो असताना तो वाजला. तू हातानं चाचपून उचललास, उठून बसायला लागलास, आवाज दुकानातला. "सुधाकर बोलतो, बोला." मग ऐकत राहिलास. पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई गाण्याच्या ट्यूनची जाहिरात करत होती. मला बसल्या जागी ऐकू येत होतं. तू ती मधेच बंद केली नाहीस. पुरी ऐकलीस आणि फोन ठेवलास.

"मशीन होती," तू म्हणालास.

वहिनी आतून म्हणाल्या, "लोकं इसरले तुमाले." थट्टेनं म्हणाल्या. तूही हसलास. पण मग पांघरूण ओढून घेताना तू जे म्हणालास ते मला म्हणालास, "इसरतेच ना गा. इसरलंच पायजे."

त्या खोलीतच संगणक होता. त्या ओळी काढून सर्व्हर पुन्हा चालू करायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नसता. मी काढल्या नाहीत. ते मोठं काम हातातून जाईल म्हणून नाही, ते तर केव्हाच गेलं होतं, व्यवस्थापक बदलला आणि त्यांनी दुसरीकडे साइट नेली. मी काढल्या नाहीत, कारण फोन पुन्हा सुरू झाले असते तर तू विचारलं असतंस, मधे का झालं होतं? तुझ्या त्या प्रश्नाला तोंड द्यावं लागू नये म्हणून मी तुला उशीजवळच्या मुक्या फोनसोबत राहू दिलं.

तुला कळलं होतं का, हे मला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा तू म्हणालास, "हेम्या, कॉन्फिग एकदा पूर्न वाचून दाखव मले. पहिल्या ओळीपासून." मी म्हटलं, तुला बरं वाटलं की वाचू. तू म्हणालास, "बरं." एवढंच. रागानंही नाही.

तू जिवंत असताना कोणी मला विचारलं असतं, तर मी तुला चांगला तंत्रज्ञ म्हणालो असतो, थोडा हट्टी. ते अपुरं आहे. मी या धंद्यात एवढी वर्षं आहे, मोठमोठ्या शहरांत चार दिवस शिकून आलेले लोक पाहिले, पानं झटकन उघडावीत म्हणून जिवाचं रान करणारे पाहिले. पान सापडलं नाही तर पलीकडच्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार करून सर्व्हर लावणारा तुझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही. तू सर्व्हर लावलास तो सगळ्यात शेवटच्या, अडाणी, घाबरलेल्या, भलतंच बटन दाबलेल्या माणसासाठी. ज्याला आजवर सगळीकडे 'इथं नाही' म्हणून सांगितलं गेलं, त्याला 'तुमची चूक नाही' म्हणणारं जगातलं एक मशीन गोंदियाच्या माणसानं चालवलं, आणि मला शेजारी बसून ते पाहायला मिळालं. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं जे काही आहे, त्यातलं बहुतेक तुझं आहे.

तुला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि त्या ओळी काढून टाकल्या. तुझं पान आता पुन्हा सगळ्यांना दिसतं, तुझ्या नंबरासकट. नंबर का ठेवला, ते मलाही सांगता येणार नाही. पुसायला हात उचलला नाही. तो फोन आता वहिनींच्या हाती असेल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

काल त्यांचा फोन आला. तुझ्याच नंबरावरून. क्षणभर मी उचललाच नाही.

"भाऊजी, यांचा फोन लय वाजून रायला. सकाळीच एक पोरगी विचारे, परीक्षेचं पान कुठं हाय म्हनून. मी का सांगू?"

"मला द्या तिचा नंबर. मी पाहतो."

"पायजे असलं तं मले शिकवून द्या कसं सांगाचं ते. मी सांगीन." मग म्हणाल्या, "पन भाऊजी, एवढे दिवस एक फोन नव्हता. फोन हातात धरून झोपत होते ते. मानूस गेला आन आता कसे काय येऊन रायले?"

मी म्हणालो, "लाइनचं काहीतरी असेल."

म्हणजे हे लिहायला बसण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा मी खोटंच बोललो, सुधाकर.

पुस्तिका अजून छापायला गेलेली नाही. ती हातात पडून वहिनींना हे कळावं, असं मला नको आहे. त्यांनी मला जे विचारलं, त्याचं उत्तर फुलचूरला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, तोंडानं द्यायचं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.